थट्टा आणि ठपका

विदूषकास सर्व काही माफ, असे म्हणण्याची रीत जुनी आहे. ही माफी कोठवर चालावी, हा प्रश्न जर्मन विनोदकार यान ब्योमरमान यांच्या कारकीर्दीने आम्हांपुढे उभा केला आहे.

दि. ३१ मार्च २०१६ रोजी रात्रीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांनी तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान यांच्यावर एक अश्लील कविता वाचली. कायदा कोणती निंदा खपवून घेत नाही, त्याचा हा नमुना, अशी मखलाशीही केली. परकीय राष्ट्रप्रमुखाची अप्रतिष्ठा दंडनीय ठरविणारे कैसरच्या अमदानीतील कलम १०३ तेव्हा जिवंत होते. चॅन्सेलर मेर्केल यांनी खटल्यास अनुमती दिली. पण ऑक्टोबरात सरकारी वकिलांनी चौकशी थांबविली आणि १ जानेवारी २०१८ पासून ते कलमच रद्द झाले. कविता ओंगळ होती, यात शंका नाही. हॅम्बुर्गच्या न्यायालयाने तिच्या बहुतेक ओळींस मनाईही केली. तथापि जिच्यावर ती रोखली होती, त्या व्यक्तीच्या हाती फौज होती, तुरुंग होते. तेथे आम्ही विनोदकाराच्याच बाजूचे आहोत.

परंतु ७ ऑक्टोबर २०२२ ची गोष्ट निराळी. त्या रात्री याच गृहस्थांनी संगणक-सुरक्षेच्या संघराज्य कार्यालयाचे प्रमुख आर्ने श्योनबोम यांची 'सायबर-विदूषक' म्हणून संभावना केली व रशियन हेरखात्याशी त्यांचा संबंध सूचित केला. अकरा दिवसांत गृहमंत्री नान्सी फेझर यांनी त्यांस कामावरून दूर केले. कारण काय? तर लोकांचा विश्वास ढळला! पुढे प्राथमिक चौकशीत शिस्तभंगाची कारवाई करण्याजोगे काहीही हाती लागले नाही. दि. १९ डिसेंबर २०२४ रोजी म्युनिकच्या न्यायालयाने कार्यक्रमातील चार विधानांस मनाई केली. एक लाख युरोंच्या भरपाईची मागणी मात्र फेटाळली.

'हा तर विनोद!' असे कोणी म्हणेल. आम्हांस ते मान्य नाही. थट्टेला पुरावा लागत नाही, ठपक्याला लागतो. कागदपत्रे नाचवून आरोप करावयाचा आणि जाब विचारताच घुंगुरटोपी पुढे करावयाची, ही दुहेरी सोय कोणासही मिळता कामा नये.

तरीही मोठा दोष आम्ही मंत्र्यांनाच देऊ. विदूषकाचे काम हसविण्याचे. चौकशीपूर्वी शिक्षा न देण्याचे काम सरकारचे. राष्ट्राध्यक्ष उलट बोलू शकतो, वकील उभे करू शकतो. अधिकाऱ्याच्या तोंडाला सेवानियमांचे कुलूप असते. त्याच्या वतीने बोलावयाचे ते त्याच्या वरिष्ठाने. तो वरिष्ठच प्रेक्षकांच्या हशाला भिऊन माणूस खाली उतरवू लागला, तर प्रामाणिक सेवकाने कोणाच्या भरवशावर निर्णय घ्यावा? परमुलखात सरकारी खुर्ची सांभाळणाऱ्या आमच्या वाचकांना या प्रश्नाचे गांभीर्य समजावून सांगण्याची गरज नाही.