पत्ता नाशिकचा, गाव वेगळं

नाशिकमध्ये कुणी ‘मी देवळालीला राहतो’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. गाव की कॅम्प? देवळाली गाव म्हणजे नाशिकरोडला चिकटलेलं, महापालिकेतलं. १९८२ मध्ये नाशिक, सातपूर आणि नाशिकरोड-देवळाली अशा नगरपालिका एकत्र करून महापालिका झाली, तेव्हा ते आत गेलं. कॅम्प बाहेर राहिला. आणि तिथून पुढे दारणेकाठचं भगूर, सावरकरांचं जन्मगाव, तेही बाहेर. भगूरला स्वतःची छोटीशी नगरपरिषद आहे, कॅम्पला कॅन्टोन्मेंट बोर्ड. म्हणजे रिक्षाने अर्ध्या तासात तुम्ही तीन वेगवेगळ्या राजवटींतून जाता आणि मीटरला (चालू असलाच तर) पत्तासुद्धा लागत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांसाठी कॅम्प म्हणजे संडे मॉर्निंग. लॅम रोडवर विहितगाव मागे पडलं की झाडं सुरू होतात, हॉर्न कमी होतात, आणि गंगापूर रोडच्या सिग्नलवर आठवडाभर साठलेली चिडचिड आपोआप उतरते. खंडोबा टेकडीवर चढायचं, दोन फोटो काढायचे, खाली बाजारात नाश्ता करायचा आणि ‘यार, इथेच एक छोटा बंगला हवा’ असं म्हणून परत निघायचं. हे वाक्य मी स्वतः इतक्यांदा ऐकलंय की ते पर्यटन खात्याने घोषवाक्य म्हणून घ्यायला हरकत नाही. फक्त हे वाक्य म्हणणाऱ्यांना एक विचारायचं असतं. इथे बंगला ‘असणं’ म्हणजे काय, हे माहितीये का?

त्यासाठी थोडं मागे जाऊ.

ब्रिटिशांनी १८६० च्या दशकात इथे छावणी उभारली ती मुंबई बंदराच्या सोयीने. जहाजाने आलेले गोरे शिपाई रेल्वेने वर यायचे, इथल्या बऱ्या हवेत स्थिरावायचे आणि मग देशभर पांगायचे. नोकरी संपलेले उलट्या दिशेने यायचे आणि परतीच्या जहाजाची वाट बघत इथे पडून राहायचे. घोळ असा की, सैनिकांची जहाजं साधारण हिवाळ्याच्याच मोसमात सुटायची. तुमची मुदत एप्रिलमध्ये संपली, तर पुढचे सहा-सात महिने काम नाही, घर नाही, फक्त ऊन, मलेरिया आणि दारू. माणसं भ्रमिष्टासारखी वागायला लागायची. त्यातून इंग्रजीत शब्द आला ‘डूलॅली टॅप’. डूलॅली म्हणजे आपली देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलॅली’ नावाने सुरू झालेल्या ब्रूअरीची बिअर तुम्ही कधी घेतली असेल, तर ग्लासावर कोणत्या गावाचं नाव होतं ते आता कळलं. बीबीसीने सत्तरच्या दशकात याच छावणीच्या पार्श्वभूमीवर एक गाजलेली विनोदी मालिका सुरू केली होती. आपण जिथे डोकं शांत करायला जातो, त्या गावाच्या नावाचा इंग्रजीतला अर्थ ‘डोकं फिरणं’ असा आहे. मला हे जाम आवडतं.

हवा चांगली, रेल्वे दारात, म्हणून लष्करामागोमाग मुंबईकर आले. पारशी, गुजराती, कच्छी, जैन समाजांनी इथे सॅनिटोरियम बांधली. अँटिबायोटिक्स यायच्या आधीच्या काळात ‘देवळालीला जाऊन या’ हेच औषध असायचं. १९२५ मध्ये बार्न्स स्कूल सुरू झालं. या शाळेत पुढे पेशावरच्या एका फळव्यापाऱ्याचा युसूफ नावाचा मुलगा शिकला. तोच आपला दिलीपकुमार. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र इथे आलं आणि ते कायमचं इथलंच झालं. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली, त्यांनी बाजारपेठ वाढवली. म्हणून आजही बाजारातल्या दोन-चार दुकानांत मराठी, गुजराती, सिंधी आणि फौजी हिंदी एका रांगेत ऐकू येते. कॉलेज रोडवर ज्याला आपण कॉस्मोपॉलिटन म्हणून मिरवतो ना, ते इथे आजोबांच्या जमान्यापासून आहे.

आता मुद्द्यावर. हा सगळा निवांतपणा कुणी ठरवून जपलेला नाही. तो लष्कराच्या नियमांचा साइड इफेक्ट आहे.

कॅन्टोन्मेंटमध्ये बरीच जागा ‘ओल्ड ग्रँट’ किंवा भाडेपट्ट्याची असते. ओल्ड ग्रँट म्हणजे काय? भिंती तुमच्या, छप्पर तुमचं, पायाखालची जमीन सरकारची. सरकारला वाटलं तर बांधकामाची किंमत देऊन ती परत घेता येते. मजला वाढवायचा, पाडून नव्याने बांधायचं, वाटणी करायची, विकायचं, प्रत्येक गोष्टीला परवानगी. चटई क्षेत्र मर्यादित. म्हणून बिल्डर फिरकत नाही, म्हणून टॉवर नाहीत, म्हणून झाडं उरली, म्हणून आपले संडेचे फोटो छान येतात.

आणि जे तिथे राहतात? माझ्या एका मैत्रिणीच्या घरी तीन पिढ्यांपासून एकच घर आहे. भाऊ लग्नाचा झाला, जागा पुरेना. दुरुस्तीसाठी कर्ज काढायला गेले तर बँकेतल्या साहेबांनी कागद उलटसुलट करून विचारलं, ‘पण यात तुमच्या मालकीचं नेमकं काय?’ शेवटी भावाने नाशिकरोडला वन बीएचके घेतला. आता तो रविवारी आईला भेटायला कॅम्पला येतो. आपल्यासारखाच, पाहुणा म्हणून.

हे सगळं बदलायचं तर कुणाकडे जायचं? इथे गंमत आणखी वाढते. कॅन्टोन्मेंट कायदा २००६ चा. त्यानुसार बोर्डात निम्मे सदस्य निवडून आलेले आणि निम्मे नेमलेले किंवा पदसिद्ध, आणि अध्यक्ष म्हणजे तिथले लष्करी अधिकारी. म्हणजे नगराध्यक्ष निवडायचा अधिकार इथल्या माणसाला तसाही नव्हता. जो अर्धा वाटा होता, त्याची शेवटची निवडणूक जानेवारी २०१५ मध्ये झाली. मुदत २०२० मध्ये संपली, वाढीव वर्ष धरून २०२१ मध्ये निवडून आलेले सगळे सदस्य गेले आणि कारभार अधिकारी व एखादा नेमलेला नागरिक यांच्याकडे आला. मग देशभरातल्या ५७ कॅन्टोन्मेंटसाठी ३० एप्रिल २०२३ ला मतदान जाहीर झालं. पोरांनी व्हॉट्सॲपवर प्रचार सुरूसुद्धा केला असेल, तोवर मार्चमध्येच ते रद्द. २०११ च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या ५४ हजारांच्या आसपास होती. कागदोपत्री हे खेडं नाही, महाराष्ट्रातल्या कित्येक तालुक्याच्या गावांपेक्षा मोठं आहे.

मतदान रद्द झालं कारण केंद्राच्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. लष्कराचा भाग वेगळा काढायचा, त्याचं मिलिटरी स्टेशन करायचं आणि नागरी वस्ती शेजारच्या नगरपालिकेला द्यायची. हिमाचलमधलं योल एप्रिल २०२३ मध्ये पहिलं सुटलं. २०२४ मध्ये संरक्षण खात्याने पुढच्या दहा कॅन्टोन्मेंटना तत्त्वतः मंजुरी दिली, त्या यादीत देवळालीचं नाव आहे. रस्ते, शाळा, दवाखाने वगैरे नागरी सोयी राज्याला फुकट मिळणार. राज्य सरकारच्या ज्या योजना नगरपालिकांमार्फत मिळतात, त्या इथल्या लोकांपर्यंत पोचणार. जमिनीची मालकी? ती जिथे संरक्षण खात्याची आहे तिथे खात्याकडेच. ओल्ड ग्रँटवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

बोर्डाची तिजोरी हाही विषय आहेच. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा राज्यातल्या महापालिकांना बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई सुरू झाली. कॅन्टोन्मेंट बोर्डं राज्याची नव्हेत म्हणून त्या वाट्यासाठी वर्षानुवर्षं मागणी करत बसली.

बाजारात विषय काढला की दोन तट लगेच पडतात. तिशीच्या आतले म्हणतात, जाऊ दे महापालिकेत, निदान घर तरी बांधता येईल. साठीच्या पुढचे म्हणतात, महापालिकेने सिडकोचं काय केलं ते बघा, आणि २०१८ मध्ये घरपट्टीवरून काय रामायण झालं तेही आठवा. तिसरा गट हळूच म्हणतो, भगूर आणि कॅम्प मिळून वेगळी नगरपालिका का नको? नाशिकच्या सभागृहात आपले नगरसेवक किती असणार, दोन की तीन? त्यांचं ऐकणार कोण?

मला विचाराल तर हा तिसरा गट सर्वांत शहाणा आहे. कॅम्प-भगूर हे एकाच बाजाराचं, एकाच नदीचं गाव आहे. त्यांची भांडणंसुद्धा एकमेकांशी आहेत, सिडकोशी नाहीत. शिवाय नाशिक महापालिकेवर मार्च २०२२ पासून काही वर्षं प्रशासकच होता. एका बिननगरसेवकी कारभारातून दुसऱ्या तशाच कारभारात ढकलणं, याला सुटका म्हणायची का? झाडांची काळजी मलाही वाटते. पण ‘आमच्या मॉर्निंग वॉकसाठी तुम्ही कर्जाशिवाय राहा’ असं त्या मैत्रिणीच्या आईला सांगायची माझी हिंमत नाही. झाडं वाचवायची तर इथल्यासाठी वेगळी बांधकाम नियमावली करा, उंचीची मर्यादा घाला. ती करण्याआधी इथल्या लोकांना मत द्यायला मिळू द्या. फाइल इकडून तिकडे सरकवून गाव हस्तांतरित करता येतं, पण त्या फाइलवर ५४ हजार माणसांपैकी एकाचीही सही नसते.

लष्कर तर कुठेच जाणार नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये के-९ वज्र आणि एम-७७७ या नव्या तोफा देवळालीतच सैन्यात दाखल झाल्या, दरवर्षी ‘तोपची’ नावाचं प्रात्यक्षिक इथल्याच रेंजवर होतं. बिबट्याही कुठे जाणार नाही, दारणाकाठच्या उसात त्याची मालकी कुठल्याही ग्रँटशिवाय पक्की आहे. पहिली किसान रेल ७ ऑगस्ट २०२० ला इथूनच बिहारमधल्या दानापूरकडे निघाली होती, म्हणजे इथल्या भाजीपाल्याला बाहेरचा रस्ता सापडलाय.

राहिला तुमचा तो छोटा बंगला. लॅम रोडला साइट बघायला गेलात आणि एजंट ‘मॅडम, मर्जर झालं की रेट डबल’ म्हणाला, तर चहा घेत शांतपणे विचारा, ही जागा महापालिकेत, संसरी ग्रामपंचायतीत की कॅन्टोन्मेंटमध्ये? कॅन्टोन्मेंट असेल तर फ्रीहोल्ड, लीज की ओल्ड ग्रँट? रजिस्टरचा उतारा दाखवा. बहुतेक वेळा त्याला नेमका तेव्हाच दुसरा फोन येतो.