शॉक बसलाच नव्हता म्हणे!

‘तुला भास झाला असेल’ हे वाक्य आपल्या बायकांच्या चांगलंच ओळखीचं. छातीत धडधडतं म्हटलं, पाठीतून कळ येते म्हटलं, की घरात हेच ऐकू येतं. कधी कधी दवाखान्यातही. म्हणूनच हे वाक्य दुसऱ्याला ऐकवण्याआधी आपण तरी दहा वेळा विचार करावा, असं मला हल्ली फार वाटतं. त्याला कारण आमचे थोरले दीर.

भाऊजी नवी मुंबईच्या एपीएमसी मार्केटमध्ये माथाडी. १९८१ साली मुंबईतला कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार तिकडे हलला, आणि आमच्या सातारकडच्या कितीतरी घरांच्या चुली त्या बाजाराच्या जिवावर पेटू लागल्या. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९चा माथाडी कायदा आला होता, म्हणून हमालालाही हक्क आहेत हे मानलं गेलं. पण काम शेवटी अंगमेहनतीचंच. पन्नास पन्नास किलोच्या गोण्या वाहिलेला माणूस. त्याला हार्ट अटॅक आला, हृदयाची ताकद कमी झाली आणि डॉक्टरांनी छातीत आयसीडी बसवलं.

हे यंत्र पेसमेकरचा भाऊच म्हणा. काडेपेटीहून थोडं मोठं, गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत बसवलेलं. त्याची तार हृदयात जाते. हृदयाचे ठोके जीवघेणे बेताल झाले, ते आकुंचन पावायचं सोडून नुसतं थरथरू लागलं, की यंत्र आतूनच विजेचा झटका देतं आणि ठोके ताळ्यावर आणतं. मिशेल मिरॉवस्की नावाच्या डॉक्टरांचे गुरू अशाच बिघाडानं १९६६ साली गेले. त्या दुःखातून त्यांनी हे यंत्र करायचा ध्यास घेतला आणि १९८० साली अमेरिकेत ते पहिल्यांदा माणसाच्या शरीरात बसवलं गेलं. तेव्हापासून त्यानं असंख्य जीव वाचवले आहेत.

पण झटका बसतो तेव्हा माणूस शुद्धीवर असला तर घोड्यानं छातीत लाथ मारल्यासारखं वाटतं म्हणतात. भाऊजींना तो भर बाजारात, गाळ्यावर बसला. जीव वाचला. पुढे मात्र रात्री डोळा लागला की ते ताडकन उठून बसायचे, ‘बसला गं झटका!’ जाऊबाई पहाटे त्यांना घेऊन दवाखान्यात पळायच्या. तिथे यंत्र तपासलं. त्यात तारीख-वेळेसकट प्रत्येक झटक्याची नोंद राहते. नोंद काहीच नाही! तिथल्या माणसानं सांगितलं, ‘शॉक बसलाच नाही, मनाचे खेळ आहेत.’ मग घरीदारी तेच सुरू झालं. कुणी म्हणालं काम टाळायला बहाणा, कुणी म्हणालं बाहेरचं बघा. भाऊजींनी सांगणंच बंद केलं. जागरणं मात्र थांबली नाहीत. त्यांचीही आणि जाऊबाईंचीही.

मैत्रिणींनो, या दुखण्याला वैद्यकशास्त्रात नाव आहे, ‘फँटम शॉक’. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात आयसीडी बसवलेल्या शंभरातल्या साधारण पाच जणांना असा न बसलेला झटका जाणवल्याचं आढळलं. आधी खरा झटका बसलेल्यांत, चिंता किंवा नैराश्य असलेल्यांत तो जास्त दिसतो, असं काही अभ्यास सांगतात. पर्समधला मोबाइल थरथरला असं वाटून आपण बघतो आणि फोन आलेलाच नसतो, तसंच काहीसं. मेंदू ज्याची सतत वाट बघतो, ते त्याला जाणवतं. इथे तर तो मरणाच्या भीतीनं टपून बसलेला असतो.

म्हणजे यंत्राची नोंद खरी आणि माणसाचं सांगणंही खरं. वीज वाहिली नाही एवढंच यंत्र सांगतं. भीती वाटली नाही, असं कुठलंच यंत्र सांगत नाही. नाटक म्हणून हसणं हा अन्यायच आहे.

मात्र स्वतःच्याच मनानं ‘भास’ ठरवून गप्पही बसू नका. एक झटका बसला आणि नंतर बरं वाटत असलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. दिवसात दोन किंवा जास्त बसले, किंवा चक्कर, धाप, छातीत दुखणं असलं, तर तडक इस्पितळ गाठावं. तपासणी बाहेरूनच होते, कापाकापी नसते. झटका कधी वाटला, तेव्हा माणूस काय करत होता, हे वहीत लिहून ठेवा. आणि हो, झटका बसताना हात धरला तर आपल्याला धोका नसतो, फार तर मुंग्या येतील. जाऊबाईंना हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्या बिचाऱ्या भिऊन वेगळ्या झोपत होत्या!

माझा आग्रह एवढाच, की काही लाखांचं यंत्र बसवणाऱ्या इस्पितळांनी अर्धा तास पेशंटशी आणि त्याच्या बायकोशी बोलायला काढावा. झटका बसला तर काय करायचं, न बसता वाटला तर काय समजायचं, हे घरी सोडण्याआधीच सांगावं. नोंद कोरी निघाली तर ‘काही नाही, जा घरी’ म्हणण्याऐवजी समुपदेशकाकडे पाठवावं. आता सरकारची ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा आहे. मनातली भीती तिथे मराठीतून बोलता येते.

भाऊजी आता समुपदेशनाला जातात. गाळ्यावर गोण्या मोजून वहीत मांडायचं हलकं काम करतात. रात्रीचे झटके कमी झालेत, पुरते गेलेले नाहीत. तसं झालंच, तर जाऊबाई आता हात धरून बसतात, वेळ लिहितात आणि सकाळी डॉक्टरांना फोन करतात. ‘भास’ हा शब्द त्या घरात आता कुणी काढत नाही.