पट्टा आधी बंद, मग साफ

सुका कचरा वेगळा करणाऱ्या केंद्रात सरकत्या पट्ट्यावर आपल्याच आयाबहिणी राबतात. पट्ट्याला खरकटे, काचेचा चुरा चिकटतो. रोलरला दोऱ्या, पिशव्या गुंडाळतात. काम थांबू नये म्हणून त्या चालत्या पट्ट्यातूनच हाताने ओढाव्या लागतात. रोलर क्षणात हात आत खेचतो. कोरड्या झाडूने उडवलेली धूळ छातीत जाते.

म्हणून मेन स्विच बंद करून, त्याला कुलूप लावूनच सफाई व्हावी, आणि त्या वेळेचा पगारही मिळावा. पट्टा थांबला की मालकाचा तोटा होतो म्हणतात; पण बोटे गेली तर तोटा कोणाचा? हातमोजे, मास्क, बूट पुरवणे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बंधनकारक केले. ही मेहरबानी नव्हे, हक्क आहे. भगिनींनो, एकजुटीने मागा.

घरोघरी आपणही डबे धुऊन, काच कागदात गुंडाळून वेगळी द्यावी.