‘हस ना!’ म्हणू नका

लेकरं परदेशी, म्हणून नातवंडं आम्हाला फोटोतच मोठी होताना दिसतात. पण फोटो कसे? भर दुपारी तोंडावर ऊन, डोळे मिचमिचे, नाकाची सावली ओठांवर, आणि ‘हस ना!’ म्हटल्यावर काढलेले दात.

‘ऊन तोंडावर हवं’ हा नियम मंद फिल्मच्या, साध्या बॉक्स कॅमेऱ्यांच्या काळातला. आजच्या मोबाईलला त्याची गरज नाही. मुलाला घराच्या सावलीत, पण मोकळ्या आभाळाकडे तोंड करून बसवा. तिथला पसरलेला उजेड चेहऱ्यावर मऊ पडतो, डोळ्यांत चमक येते. झाडाखाली मात्र कवडसे बघा, चेहऱ्यावर डाग पडल्यासारखे दिसतात. सावलीच नसेल तर मावळतीआधीचा तास गाठा.

आणि तुम्हीही खाली बसा. मुलांशी बोलायचं तर त्यांच्या उंचीवर यावं लागतं, हे शाळेत शिकवताना मला कळलं, फोटोचंही तेच. मोबाईल तोंडाशी नेऊ नका, नाक मोठं दिसतं. दोन पावलं मागे सरका.

मग त्याला खेळू द्या आणि थांबा. रुसलेलं, गुंगलेलं, कसंही असो, पण आमचं नातवंड खरं दिसू दे. तुम्हाला काय वाटतं?