थम, कौन आता है?

राजौरीला पहिल्या रात्री पहाऱ्यावर उभा राहिलो, तेव्हा उस्तादांनी बजावलं होतं, "सीओ साहेब आले तरी पासवर्ड विचारायचा." नुसत्या आवाजावर कुणालाही आत सोडायचं नाही.

गेल्या नोव्हेंबरात आमच्या पलटणीतल्या एका निवृत्त सुभेदार साहेबांना फोन आला. "पेन्शन ऑफिसातून बोलतोय. तुमचा हयातीचा दाखला अडकलाय. ओटीपी सांगा, नाहीतर पेन्शन बंद." समोरच्याला त्यांचा पीपीओ नंबरही ठाऊक होता. साहेबांनी ओटीपी सांगितला आणि १ लाख ८० हजार गेले. "आवाजात हुकूम होता रे," एवढंच ते मला म्हणाले.

आपण आयुष्यभर हुकूम पाळला. चोर नेमकी तीच सवय वापरतो. म्हणून माझं म्हणणं, फोनवरच्या साहेबालाही पहाऱ्यावरचाच नियम लावा. फोन ठेवा आणि पासबुकावरच्या नंबरावर स्वतः विचारून घ्या. ओटीपी, पिन, कार्डामागचे तीन आकडे कुणालाच सांगू नका.

आणि फसलात तर लाजू नका, त्याच क्षणी १९३० ला फोन लावा. वेळेत कळवलं तर पैसे वाटेत अडवता येतात. सुभेदार साहेबांनी लाजेपोटी दोन दिवस घरातही सांगितलं नाही. तेच दोन दिवस महागात पडले.

जय हिंद.