लोकर, चहा आणि हिशेब

अंगठीतून आरपार जाणारी शाल म्हटली की काश्मीरचे नाव ओठांवर येते. हीच ख्याती युरोपच्या उत्तर टोकाकडील शेटलंड बेटांवरील शालींनीही मिळवली, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. सहा फूट लांब व सहा फूट रुंद अशी ती शाल वजनाला शंभर ग्रॅमही भरत नाही. मागाशी तिचा संबंध नाही; हाताने कातलेल्या अतिसूक्ष्म धाग्यापासून सुयांवर एकेक टाका घालून ती घडते. आर्थर अँडरसन हा याच बेटांचा सुपुत्र. त्याने १८३७ साली तेथील बारीक विणीचे मोजे राणी व्हिक्टोरियाला भेट दिले आणि या विणकामाकडे लंडनच्या बाजाराचे लक्ष गेले. अँडरसनचे नाव व्यापारी घराण्यांना अगदीच परके वाटू नये. पी अँड ओ या आगबोट कंपनीच्या संस्थापकांपैकी तो एक, आणि त्या कंपनीच्या बोटी पुढे मुंबई बंदरात नित्याच्या झाल्या.

या बेटांचा इतिहासही एका गहाणखताने वळण घेतलेला आहे. डेन्मार्क-नॉर्वेचा राजा पहिला ख्रिश्चन याने आपली कन्या स्कॉटलंडच्या राजाला दिली. हुंड्याची रक्कम हाताशी नव्हती, म्हणून १४६९ साली आठ हजार फ्लोरिनांपोटी शेटलंड गहाण टाकले. ते गहाण आजतागायत सुटलेले नाही. बेटे स्कॉटलंडचीच झाली. भाषेत मात्र जुने नॉर्स शब्द टिकून राहिले. मेंढीच्या लोकरीच्या नैसर्गिक छटांची नावे त्यांतलीच आहेत. तांबूस तपकिरी छटा ती मूरिट, मधासारखी ती मायोगेट, निळसर राखी ती एम्स्केट आणि हिमकणांनी मढलेल्या काळ्यासारखी करडी ती शेला. खांद्यावरच्या आपल्या शेल्याशी या शब्दाचा काही संबंध नाही, परंतु योगायोग गोड आहे.

शेटलंडची मेंढी लहानखुरी आणि काटक. तिच्या मानेवरची लोकर सर्वांत तलम असते आणि अंगठीतून जाणाऱ्या शालीसाठी तीच निवडून घेतात. उन्हाळ्याच्या आरंभी या जातीची जुनी लोकर आपोआप सैल होते. तेव्हा कात्री न लावता ती हाताने अलगद उपटून घेण्याची तेथील जुनी पद्धत आहे. खालून नवी लोकर उगवलेली असते, त्यामुळे त्वचेला इजा होत नाही. अहिंसेचा विचार करणाऱ्या घरात लोकरीविषयी प्रश्न उठणे स्वाभाविक आहे. श्वेतांबर परंपरेत साधू-साध्वींचे रजोहरण लोकरीचेच असते, म्हणजे लोकर सर्वथा वर्ज्य मानलेली नाही. पण ती कशी मिळवली हे विचारण्याचा अधिकार आणि कर्तव्य दोन्ही उरतात. ऑस्ट्रेलियातील मेरिनो मेंढ्यांच्या शेपटीभोवतीची कातडी कापून काढण्याची म्यूलसिंग नावाची क्रूर प्रथा आहे. मेरिनोची लोकर विकत घेताना ती म्यूलसिंगविरहित आहे काय, एवढी चौकशी अवश्य करावी. शेटलंडच्या मेंढ्याही मांसासाठी पाळल्या जातात, हेही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्याची त्याने मर्यादा ठरवावी.

कातण्याचे काम पाहण्यास सोपे आणि करण्यास अवघड. पूर्वीच्या शाळांमध्ये तकलीवर सूत काढलेल्या पिढीला त्याची कल्पना आहे. लोकर प्रथम निवडावी, धुवावी, पिंजावी वा विंचरावी लागते. मग तंतू दोन बोटांत ओढत ओढत बारीक करायचे आणि त्याच वेळी पीळ चढू द्यायचा. ओढण्याचा वेग आणि पिळाचा वेग यांचा मेळ बसला नाही की एक तर धागा तुटतो, नाही तर गाठाळतो. असे दोन एकेरी धागे एका दिशेने कातून झाले की ते उलट दिशेने एकत्र पिळतात. दोन्ही पीळ एकमेकांना तोलून धरतात आणि धागा सरळ, शांत राहतो. दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीपासून आपल्याकडे धनगर समाजाने घोंगडी विणली आणि चिंचोक्याची खळ देऊन ती ताठ केली. पाऊस अंगावर घेण्यासाठी ते वस्त्र उत्तम, अंगालगतच्या स्वेटरासाठी मात्र ती लोकर टोचते. हौशी कातणारीला मऊ लोकर बहुधा बाहेरूनच मागवावी लागते.

रंगाईच्या कामात स्वयंपाकघराचा अनुभव फार उपयोगी पडतो. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाण्यातून एकदम थंड पाण्यात टाकली किंवा फार ढवळली की ते एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा नमदा होतो. म्हणून पाणी थंड असतानाच लोकर घालून तास-दीड तासात हळूहळू तापवतात आणि त्याच पाण्यात निवू देतात. रंग धरण्यासाठी आधी तुरटीचे पाणी द्यावे लागते; शंभर ग्रॅम लोकरीला दहा ते पंधरा ग्रॅम तुरटी पुरते. कांद्याची साले सोनेरी-नारिंगी रंग देतात, डाळिंबाची साल पिवळट. हळद तुरटीशिवायही झटकन चढते, पण उन्हात तितक्याच झटकन उतरते. विक्रीच्या मालाला ती लावणे म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणेच होय. मंजिष्ठेचा लाल टिकाऊ असतो, मात्र पाणी उकळी फुटेपर्यंत तापवले तर तो तपकिरीकडे झुकतो. निळीचे शास्त्र सर्वांत विलक्षण आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही; क्षारयुक्त पाण्यातील प्राणवायू काढून टाकला तरच ती विरघळते. त्या पिंपातून लोकर बाहेर येते ती हिरवट-पिवळी. हवा लागताच डोळ्यांदेखत ती निळी होते.

शेटलंडात दगडफुलापासूनही जांभळट आणि तपकिरी रंग काढीत. आपल्या गोड्या मसाल्यात पडणाऱ्या वस्तूचेच हे भाऊबंद. ते अत्यंत सावकाश वाढते, म्हणून आजचे जाणते रंगारी खडकावरून ते खरवडून घेत नाहीत, गळून पडलेले तेवढे वेचतात. परदेशी पुस्तकांतील कृती वापरताना एक सावधगिरी बाळगावी. किरमिजी रंगासाठी त्यांत कॉचिनील सुचवलेले असते. ते म्हणजे वाळवलेले कीटक; लाखेचा रंगही कीटकाचाच. त्या दोहोंऐवजी मंजिष्ठा वापरली तर कामही भागते आणि मनही शांत राहते.

आता आराखड्याकडे. शेटलंड आणि ऑर्कनी यांच्या मधोमध फेअर आइल नावाचे चिमुकले बेट आहे. तेथल्या रंगीत विणीचा नियम असा की एकूण रंग कितीही असोत, एका ओळीत दोनच वापरायचे. न वापरलेला धागा मागच्या बाजूने नेतात; त्यामुळे कापड दुहेरी होते आणि ऊब वाढते. विणकाम गोलाकार चालते, नळीसारखे. बाही जोडायच्या जागी शेवटी सरळ कात्री चालवतात. नवख्याला ते पाहवत नाही, पण लोकर खवलेदार असल्याने टाके जागच्या जागी धरून राहतात. नक्षीचे गणित अंकगणितातच बसते. समजा, दहा सेंटिमीटरात २८ टाके बसतात आणि छाती १०० सेंटिमीटर हवी आहे. म्हणजे २८० टाके. नक्षीची आवृत्ती २४ टाक्यांची असेल तर २८० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही. बारा आवृत्त्यांचे २८८ टाके घ्यावेत, छाती सुमारे १०३ सेंटिमीटर होईल; किंवा आवृत्तीच बदलावी. हे काम ज्याला जमते तो आराखडा करणारा. बाकीचे दुसऱ्याचे आराखडे विणतात, त्यातही कमीपणा नाही.

हे गणित सर्वांच्या हाती दिले ते इंग्लंडमध्ये जन्मून अमेरिकेत विस्कॉन्सिनला स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) यांनी. तिने गोल विणलेल्या स्वेटराची कृती मासिकाला दिली की संपादक ती सपाट तुकड्यांत बदलून छापीत. कंटाळून तिने १९५८ साली स्वतःचे पत्रक काढले आणि १९७१ साली ‘निटिंग विदाउट टिअर्स’ हे पुस्तक लिहिले. तिची शतमान पद्धत बँकेच्या कारकुनालाही आवडावी अशी आहे. छातीचे टाके शंभर टक्के धरा. मनगटाशी वीस टक्के, दंडाशी सुमारे तेहतीस, गळ्याशी चाळीस. लोकर कोणतीही असो, अंग कोणाचेही असो, प्रमाण ढळत नाही.

येथवर सारे रम्य आहे. परंतु शेटलंडच्या विणकामाची दुसरी खातेवही उघडल्यावाचून व्यापारी वाचकासमोर हा विषय पुरा होत नाही. पुरुष मासेमारीला समुद्रावर जात. शेत, गुरे, इंधनाचे पीट आणि घर ही सारी कामे बायकांवर. पाठीवर पीटने भरलेली टोपली, कमरेला घोड्याचे केस ठासलेला चामडी पट्टा, त्याच्या भोकात सुई रोवलेली, आणि चालता चालता हात विणतायत, असे तिथल्या बायकांचे नित्याचे रूप होते. माल घेऊन त्या लरविकच्या दुकानात जात, आणि मोबदला रोख मिळत नसे. चहा, कापड, किरकोळ जिनसा मिळत. लगेच काही नको असेल तर दुकानदार चिठ्ठी देई, जी त्याच दुकानात चाले. पीठ आणि बटाटे घ्यायला पैसे हवेत, म्हणून हा चहा शेजारीपाजारी देऊन त्या बदल्यात धान्य मिळवावे लागे. घरात चहाचा साठा आणि चुलीवर मात्र काही नाही, अशी ही श्रीमंती.

ही वस्तुविनिमयाची पद्धत तपासण्यासाठी ब्रिटिश सरकारने चौकशी नेमली आणि शेटलंडविषयीचा अहवाल १८७२ साली प्रसिद्ध झाला. बायकांनी साक्षी दिल्या, दुकानदारांनीही दिल्या. दुकानदारांचे म्हणणे सर्वस्वी खोटे होते असे नव्हे. विणलेल्या मालावर नफा सुटत नाही, तो बदल्यात दिलेल्या जिनसांवरच सुटतो. रोख द्यायची तर भाव उतरवावा लागेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. लरविकसारख्या गावात फॅशन बदलली की शालींचा ढीग पडून राही, हा धोका खराच होता. तरीही हिशेबाचा साधा नियम सांगतो की एका व्यवहारातील तोटा दुसऱ्या व्यवहाराच्या नफ्यात लपवला की दोन्ही भाव खोटे होतात. विणणारीला आपल्या श्रमाचा खरा भाव कधी कळलाच नाही. १८८७ च्या कायद्याने अशा मोबदल्यावरील बंदीची व्याप्ती वाढवली. प्रथा मात्र लगेच गेली नाही.

व्यापाऱ्यांनी चांगलेही केले. १९२१ साली लरविकच्या एका कापड व्यापाऱ्याने प्रिन्स ऑफ वेल्सला फेअर आइलचा स्वेटर पाठवला; पुढच्या वर्षी राजपुत्राने तो सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ मैदानावर घातला आणि मागणीचा पूर आला. एका स्वेटराच्या खर्चात एवढी जाहिरात कोणत्याही पेढीला आजवर मिळाली नसेल.

आज कातणे, रंगवणे आणि विणणे हा जगभर लक्षावधी लोकांचा छंद आहे. पोटासाठी करण्याची सक्ती गेली आणि आनंद उरला, हे चांगलेच झाले. पण छंदालाही बाजाराचे दार लागूनच असते. घरातील सून वा निवृत्त बहीण एखादा सुंदर स्वेटर करते, कोणी तो पाहून ‘मलाही एक कर ना, लोकरीचे पैसे देते’ असे म्हणते, आणि ती संकोचाने होकार देते. वरच्याच उदाहरणातील २८८ टाके घ्या. दहा सेंटिमीटरात ३२ ओळी आणि अंगाची उंची ६० सेंटिमीटर धरली तर १९२ ओळी होतात, म्हणजे केवळ धडाचे ५५,२९६ टाके. मिनिटाला तीस टाक्यांच्या, म्हणजे चांगल्या सरावलेल्या हाताच्या वेगाने हे न थांबता तीस तासांहून अधिक काम आहे. बाह्या, गळा, कातणे आणि रंगवणे यांचा हिशेब अजून बाकीच आहे. ‘लोकरीचे पैसे’ देणारी व्यक्ती या तासांच्या बदल्यात लरविकइतका चहाही देत नसते. शिवाय अशा भावात विकणारी प्रत्येक हौशी बाई, ज्यांचे घर याच कामावर चालते त्यांचा भाव पाडीत असते.

भेट द्यायची असेल तर ती भेट म्हणून द्यावी; वहीत तिची नोंदही नको. विकायचे असेल तर आधी एका कागदावर चार रकाने पाडावेत: लोकर, रंग व तुरटी, तास, आणि वाया गेलेला माल, कारण रंगाईत एखादी लडी हमखास बिघडते. तासांचा दर घरातील दुसऱ्या कोणत्याही कुशल कामाच्या दराइतका लावावा. येणारा आकडा पाहून गिऱ्हाईक परत जाईल, असे पुष्कळदा घडेल. त्याला धड सोडून तेवढ्याच विणीची टोपी किंवा हातमोजे दाखवावेत. टाके दहा-बारा हजारांत आटोपतात आणि भाव खिशाला झेपतो. घासाघीस झालीच, तर लोकर हलकी घेऊन पहिला रकाना कमी करावा. तिसऱ्या रकान्याला हात लावू नये.