साक्षीदाराची आठवण आणि उलटतपासणी

अत्याचाराच्या खटल्यात साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो तेव्हा घटनेला अनेकदा पाच-सात वर्षे उलटलेली असतात. आरोपीचा वकील विचारतो, काठी उजव्या हातात होती की डाव्या? तुम्ही किती पावलांवर होता? पोलिसी जबाबात एक आणि कोर्टात दुसरे, एवढे झाले की ‘विसंगती’ म्हणून साक्ष मोडीत निघते आणि संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. हा साक्षीदार खोटारडा आहे काय? मानसशास्त्र याचे उत्तर वेगळे देते.

केंब्रिजचे बार्टलेट यांनी १९३२ साली दाखवून दिले की, माणूस आठवण जशीच्या तशी बाहेर काढत नाही, तो ती प्रत्येक वेळी नव्याने रचतो. पुढे १९७४ मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताच्या फिती दाखविल्या. मोटारी एकमेकींवर ‘आदळून चुरडल्या’ तेव्हा वेग किती होता, असे विचारल्यावर सरासरी उत्तर ताशी सुमारे ४१ मैल आले. ‘एकमेकींना लागल्या’ असे विचारल्यावर सुमारे ३२. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारले, फुटलेली काच पाहिली काय? ‘चुरडल्या’ हा शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले. ‘धडकल्या’ ऐकलेल्या ५० पैकी ७. फितीत काच फुटलेलीच नव्हती! तरी यातला कोणी जाणूनबुजून खोटे बोलत नव्हता.

शिवाय ज्याच्यावर कुऱ्हाड उगारली आहे त्याचे लक्ष कुऱ्हाडीवर खिळते. मारणाऱ्याच्या सदऱ्याचा रंग, घड्याळातली वेळ हे मनात नीट नोंदलेच जात नाही. मारले कोणी, हे मात्र गावातल्या रोजच्या ओळखीच्या माणसांबाबत सहसा चुकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ च्या भरवाडा भोगिनभाई खटल्यात हेच म्हटले आहे: साक्षीदाराकडून छायाचित्रासारख्या स्मृतीची अपेक्षा धरू नये, किरकोळ तफावतींना अवास्तव महत्त्व देऊ नये. वकील मंडळींना हा निवाडा पाठ असतो, पण तो सोयीनुसार आठवतो.

हेच शास्त्र उलट बाजूनेही कापते, आणि ते आम्ही झाकणार नाही. अमेरिकेत रोनाल्ड कॉटन या कृष्णवर्णीय तरुणाला पीडितेने पूर्ण खात्रीने ओळखले, १९८५ साली शिक्षा झाली. १९९५ मध्ये डीएनए चाचणीने तो निर्दोष ठरला. अनोळखी चेहऱ्याची ओळख पटविताना साक्षीदाराची खात्री हा पुरावा मानणे धोक्याचे आहे. पारधी वस्तीतल्या पोरांना ओळख परेडमध्ये उभे करणाऱ्यांनी हे वाचावे.

म्हणून आठवण ताजी असतानाच नोंदविणे आवश्यक आहे. १० वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी आणलेल्या साक्षीदाराचा जबाब दंडाधिकाऱ्याने नोंदविलाच पाहिजे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८३ सांगते. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आरोपपत्रानंतर दोन महिन्यांत खटला पूर्ण करण्याची आणि कामकाजाच्या व्हिडिओ चित्रीकरणाची तरतूद झाली. आपल्या जिल्ह्याच्या विशेष न्यायालयात कॅमेरा बसला आहे काय, आणि किती खटले दोन महिन्यांत संपले, याची माहिती कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात मागवावी.